यूएसबी मिक्सरमार्गे टॅबलेटला जोडलेली इलेक्ट्रिक गिटार: दुहेरी आवाज, शिट्टी आणि दबका स्वर यांचे निवारण

इलेक्ट्रिक गिटार यूएसबी मिक्सरला आणि मिक्सर टॅबलेटला जोडून त्यावर अ‍ॅम्प्लिफायरचे अ‍ॅप चालवू पाहणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. टॅबलेट मिक्सरला ओळखत नाही. ओळखले तरी आवाज येत नाही. आवाज आला तर तो एकाऐवजी दोनदा, पोकळ होऊन येतो, किंवा एकाएकी कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. आणि हे सगळे निस्तरल्यावरही गिटारवर जाड गोधडी टाकल्यासारखा दबका स्वर उरतो. त्यातही सर्वांत त्रासदायक बाब अशी, की काल नीट चाललेली जोडणी आज चालत नाही. अशा वेळी उपकरण बिघडले असा समज होतो, पण प्रत्यक्षात बिघाड क्वचितच असतो. मिक्सर हे अनेक वाटांचे यंत्र आहे. तोच मिक्सर गाण्याच्या माइकसाठी, कीबोर्डसाठी किंवा ऑनलाइन शिकवणीसाठी वापरला जातो, त्या कामासाठी एखादे बटण दाबले जाते, ते तसेच राहते, आणि पुढच्या वेळी गिटार जोडणाऱ्याला आवाजाची वाट बदललेली सापडते.

यूएसबीची केबल एक असली तरी तिच्यातून आवाज दोन दिशांना जातो: गिटारचा मूळ आवाज मिक्सरकडून टॅबलेटकडे, आणि अ‍ॅपमधून घडवलेला आवाज टॅबलेटकडून परत मिक्सरकडे. या दोन दिशा मिक्सरच्या आत नेमक्या कुठे एकमेकींना मिळतात हे ज्याला कळले, त्याला वरच्या निम्म्याहून अधिक तक्रारी पुन्हा छळत नाहीत. म्हणून पुढे सर्वाधिक जागा त्याच मुद्द्याला दिली आहे. मात्र तिथे पोहोचण्याआधी काही गोष्टी निश्चित करून घेणे भाग आहे.

मिक्सरवरचे यूएसबी नेमके कोणते

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘यूएसबी मिक्सर’ मागितला, तर त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. एका प्रकारात चपटे, पेन ड्राइव्ह खोचण्याचे पोर्ट असते, शेजारी गाण्याचा क्रमांक दाखवणारा छोटा पडदा असतो आणि बहुधा ब्लूटूथही असते. हे यूएसबी पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी दिलेले असते. बहुतेक वेळा गिटारचा आवाज तिथून टॅबलेटकडे जाऊ शकत नाही, मग केबल कोणतीही लावा. दुसऱ्या प्रकारात चौकोनी, प्रिंटरला असते तसले बी प्रकारचे पोर्ट असते, आणि अलीकडच्या काही मिक्सरांवर त्याजागी सी प्रकारचे. आपल्या कामाचा मिक्सर तो हा. काही मिक्सरांवर दोन्ही पोर्ट असतात आणि घाईत चुकीचे वापरले जाते. मिक्सरच्या माहितीपत्रकात ‘यूएसबी ऑडिओ इंटरफेस’ असा स्पष्ट उल्लेख नसेल, तर आधी तो आहे की नाही याचीच खातरजमा करावी, कारण तो नसल्यास पुढची कोणतीही खटपट उपयोगी पडणार नाही.

मिक्सर ‘क्लास कंप्लायंट’ असणेही आवश्यक आहे. याचा अर्थ असा, की यूएसबी ऑडिओचे जे सर्वमान्य नियम आहेत त्यांनुसार तो चालतो आणि त्याला स्वतःचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, लागत नाही. विंडोजच्या संगणकावर कंपनीचा ड्रायव्हर बसवता येतो. टॅबलेटवर ती सोय नसते. अँड्रॉइडमध्ये यूएसबी ऑडिओला अधिकृत आधार २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून मिळाला, त्यामुळे त्याआधीच्या टॅबलेटवर वेळ घालवू नये. आयपॅड क्लास कंप्लायंट उपकरणे त्याहीआधीपासून स्वीकारत आला आहे.

टॅबलेट मिक्सरला ओळखत नसेल तर

या टप्प्यावर दोषी बहुधा केबल किंवा वीज असते. अँड्रॉइड टॅबलेटला ओटीजी अ‍ॅडॉप्टर (टॅबलेटला यूएसबी उपकरणे जोडू देणारा) लावून त्यात आधी साधा माउस किंवा पेन ड्राइव्ह जोडून पाहावा. माउसचा बाण पडद्यावर दिसला, तर टॅबलेट आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही ठीक आहेत आणि शोध मिक्सरच्या बाजूला वळवावा. दिसला नाही, तर मिक्सरला हातही लावू नये. घरात सापडणाऱ्या अनेक सी केबली केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात, त्यामुळे मिक्सरचा दिवा लागतो पण टॅबलेटला त्याचा पत्ता नसतो. प्रिंटरची केबल आणि चांगला ओटीजी अ‍ॅडॉप्टर ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण प्रिंटरची केबल माहितीच्या तारांशिवाय कोणी विकत नाही.

लाइटनिंग पोर्टच्या जुन्या आयपॅडवर ‘हे उपकरण फार वीज मागते’ अशा अर्थाची सूचना झळकते. जे छोटे मिक्सर यूएसबीतूनच वीज घेतात त्यांच्याबाबतीत हे हमखास घडते. उपाय दोन आहेत: एक म्हणजे अ‍ॅपलचा लाइटनिंग ते यूएसबी ३ कॅमेरा अ‍ॅडॉप्टर, ज्याला बाजूला चार्जर जोडण्याची जागा असते, दुसरा म्हणजे स्वतःचा वीज अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घालणे. यामाहाच्या एजी०३ सारख्या मिक्सरवर याच कारणासाठी ५ व्होल्टचे वेगळे पोर्ट दिलेले आहे. आयपॅडला जोडताना तिथे मोबाइलचा चार्जर किंवा पॉवर बँक लावायची असते. ज्या मिक्सरला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे त्याच्याबाबत हा प्रश्न सहसा येत नाही.

‘काल ओळखले, आज नाही’ या तक्रारीत जोडणीचा क्रम तपासावा. मिक्सर आधी चालू करावा, मग केबल जोडावी, आणि अ‍ॅप सर्वांत शेवटी उघडावे. अ‍ॅप आधीच उघडे असेल तर काही अ‍ॅप्स टॅबलेटचा आतला माइक धरून बसतात आणि नंतर आलेल्या मिक्सरकडे वळत नाहीत. अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडणे हा त्यावर उपाय. अँड्रॉइडवर डेव्हलपर पर्यायांमध्ये यूएसबी ऑडिओकडे आपोआप वळणे बंद करणारी एक सेटिंग असते. ती कोणी चालू करून ठेवली असेल, तर सगळे योग्य असूनही आवाज टॅबलेटच्याच स्पीकरमधून येत राहतो.

दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासाव्यात

गिटार, अ‍ॅप, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) आणि हेडफोन हे सगळे एकदम चालू करून दोष शोधू गेल्यास दोष सापडत नाही, गोंधळ मात्र वाढतो. म्हणून गिटारची पिन काढून ठेवावी आणि आधी परतीची दिशा तपासावी. टॅबलेटवर एखादे गाणे लावावे. टॅबलेटचा स्पीकर गप्प झाला आणि गाणे मिक्सरच्या हेडफोनमध्ये आले, तर परतीची वाट मोकळी आहे. इथे अनेकांचा गैरसमज होतो: स्पीकर गप्प झाला म्हणजे काहीतरी बिघडले असे वाटते, पण यूएसबी उपकरण जोडल्यावर टॅबलेटचा सगळा आवाज तिकडेच जाणे अपेक्षित आहे. टॅबलेटच्या बाजूची आवाजाची बटणेही अनेकदा निरुपयोगी होतात. आवाज मिक्सरवरूनच कमी-जास्त करावा लागतो.

मग जाण्याची दिशा. गिटार जोडून, अ‍ॅम्पचे अ‍ॅप न उघडता, साध्या ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये काही स्वर मुद्रित करावेत. मुद्रणात गिटार ऐकू आली तरी ती मिक्सरमधूनच आली असे गृहीत धरू नये, कारण टॅबलेटचा आतला माइक खोलीतला तारांचा आवाजही टिपतो. पडद्यावरच्या मीटरकडे, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीकडे, पाहत टॅबलेटच्या पाठीवर नखाने टकटक करावी. मीटर उसळला, तर अ‍ॅप अजून आतल्या माइकवरच आहे. मीटर ढिम्म राहिला आणि तार छेडल्यावर हलला, तर वाट बरोबर आहे. मीटर दोन्ही वेळा शून्यावरच असेल, तर अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी दिलेली आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहावे. आपण माइक वापरत नसलो तरी टॅबलेटच्या दृष्टीने मिक्सरकडून येणारा आवाज हा माइकच असतो, आणि परवानगी नाकारलेली असेल तर अ‍ॅपला केवळ शांतता मिळते.

एवढे होऊनही अ‍ॅम्पच्या अ‍ॅपमध्ये काही येत नसेल, तर मिक्सरवरचा पॅनचा, म्हणजे आवाज डावीकडे की उजवीकडे जावा हे ठरवणारा, नॉब पाहावा. छोटे मिक्सर यूएसबीतून डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या पाठवतात, आणि गिटारची अ‍ॅप्स सहसा त्यांतली पहिली, म्हणजे डावी, घेतात. गिटारचा पॅन उजवीकडे फिरलेला असेल तर अ‍ॅपपर्यंत काहीच पोहोचत नाही.

दुहेरी आवाज आणि शिट्टी

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लहान यूएसबी मिक्सरांत टॅबलेटकडे जाणारा आवाज मुख्य मिश्रणातून, म्हणजे ज्याला मेन मिक्स म्हणतात तिथून घेतलेला असतो. एकट्या गिटारच्या चॅनेलमधून तो घेतलेला नसतो. आणि टॅबलेटकडून परत येणारा आवाज अनेक मिक्सरांत, थेट किंवा एका बटणामार्फत, त्याच मुख्य मिश्रणात ओतला जातो. म्हणजे अ‍ॅपमधून तयार झालेला आवाज मुख्य मिश्रणात येतो, तिथून गिटारसोबत पुन्हा अ‍ॅपकडे जातो, अ‍ॅप त्यावर पुन्हा डिस्टॉर्शन चढवते, आणि तो पुन्हा परततो. डिस्टॉर्शनचे काम मुळात आवाज कैक पटींनी वाढवण्याचे असल्यामुळे हे चक्र काही क्षणांत शिट्टीत बदलते. स्वच्छ टोन निवडला तर शिट्टीऐवजी घुमणारा, शेपूट लांबत जाणारा प्रतिध्वनी येतो, रोग तोच. या चाचण्या चालू असताना हेडफोन कानांवर न ठेवता गळ्यात ठेवावा आणि त्याचा आवाज अगदी कमी असावा, हे मी आग्रहाने सांगेन. अशा शिट्टीने कानांना खरोखर इजा होऊ शकते.

या चक्रापासून दुहेरी आवाज वेगळा ओळखला पाहिजे. त्यात चक्र नसते, पण हेडफोनमध्ये एकाच वेळी दोन गिटारी पोहोचतात: एक मिक्सरमधून सरळ आलेली कोरी, आणि दुसरी टॅबलेटला वळसा घालून थोडी उशिरा आलेली. उशीर मोठा असेल तर दोन ठोके स्पष्ट वेगळे ऐकू येतात. उशीर लहान असेल तर दोन ठोके वेगळे कळत नाहीत, स्वर मात्र पोकळ होतो, कारण दोन आवाज काही कंपनसंख्यांवर एकमेकांना खोडून काढतात. समजा परतीचा आवाज १० मिलिसेकंदांनी मागे आहे आणि दोन्हींची पातळी सारखी आहे, तर ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा विषम पटींवर आवाज खाल्ला जातो. ५ मिलिसेकंद असेल तर १००, ३००, ५०० हर्ट्झवर. गिटारचे खालचे सगळे अंग याच पट्ट्यात असल्यामुळे टोन कितीही फिरवला तरी स्वर भरत नाही. इक्वलायझर फिरवत बसून हा दोष जात नाही. दोन गिटारींपैकी एक बंद केली की तो तत्काळ जातो.

नेमका दोष कोणता हे ओळखण्याची सोपी रीत अशी: अ‍ॅपमधले मॉनिटरिंग, म्हणजे वाजवताना अ‍ॅपमधून आवाज ऐकवण्याची सोय, बंद करावे. आयपॅडवरच्या गॅरेजबँड या ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये ते इनपुटच्या सेटिंगमध्ये मिळते. बंद केल्यावरही हेडफोनमध्ये कोरी गिटार ऐकू येत राहिली, तर मिक्सर थेट आवाज देत आहे. आता मॉनिटरिंग परत चालू करून गिटारच्या चॅनेलचा आवाज मिक्सरवर हळूहळू शून्याकडे न्यावा. शिट्टी किंवा प्रतिध्वनी त्यानंतरही फिरत राहिला, तर चक्र तयार झालेले आहे आणि गिटारचा त्यात काहीही दोष नाही.

उपाय मिक्सरच्या रचनेवर ठरतो. अनेक मिक्सरांवर यूएसबीचा परतीचा आवाज कुठे न्यायचा यासाठी दोन बटणे असतात: एक मुख्य मिश्रणाकडे नेणारे, दुसरे केवळ हेडफोन किंवा कंट्रोल रूमकडे नेणारे. बेहरिंगरच्या झेनिक्स मालिकेतल्या काही मिक्सरांवर ही बटणे ‘टू-टीआर/यूएसबी’ या नावाने सापडतात. पहिले बटण बाहेर, दुसरे आत, अशी स्थिती ठेवली की चक्र तुटते, कारण परतीचा आवाज हेडफोनपर्यंत पोहोचतो पण पुन्हा टॅबलेटकडे जात नाही. ‘काल चालले, आज नाही’ या तक्रारीचे मूळ मला बहुतेक वेळा याच दोन बटणांत आढळले आहे, कारण कोणीतरी टॅबलेटवरचे गाणे स्पीकरवर ऐकण्यासाठी पहिले बटण दाबलेले असते. कोणत्या स्थितीत गिटार चालते त्याची खूण मिक्सरवर कागदी चिकटपट्टी लावून करून ठेवणे हा साधा आणि टिकाऊ उपाय आहे.

काही मिक्सरांवर यूएसबीकडे काय पाठवायचे हे निवडणारा एक स्वतंत्र खटका असतो. वर उल्लेखलेल्या एजी०३ वर त्याच्या तीन स्थिती आहेत: कोरे चॅनेल, सगळे मिश्रण, आणि लूपबॅक. गिटारच्या अ‍ॅपसाठी कोरे चॅनेल ही स्थिती योग्य. लूपबॅक ही स्थिती थेट प्रक्षेपणासाठी, म्हणजे वादन आणि टॅबलेटवरचे पार्श्वसंगीत एकत्र पाठवण्यासाठी दिलेली आहे. त्या स्थितीत अ‍ॅपचे मॉनिटरिंग चालू ठेवले तर आपण हेतुपुरस्सर चक्र बांधत असतो.

अडचण उरते ती ज्या मिक्सरवर कोणताही खटका नाही आणि परतीचा आवाज कायमचा मुख्य मिश्रणात जातो त्यांची. त्यासाठी एक युक्ती आहे आणि ती विश्वासाने वापरण्यासारखी आहे. गिटारचा पॅन पूर्ण डावीकडे करावा. अ‍ॅपमध्ये इनपुट म्हणून फक्त पहिली वाहिनी निवडावी. आणि अ‍ॅपमधल्या ट्रॅकचा पॅन पूर्ण उजवीकडे करावा. आता गिटार डाव्या वाहिनीतून टॅबलेटकडे जाते, घडवलेला आवाज उजव्या वाहिनीतून परत येतो, आणि तो पुन्हा टॅबलेटकडे गेला तरी दुसऱ्या वाहिनीतून जातो, जिच्याकडे अ‍ॅप लक्षच देत नाही. चक्र तुटले. हेडफोनच्या डाव्या कानात कोरी गिटार आणि उजव्या कानात अ‍ॅपचा आवाज येईल. डावा कान मोकळा ठेवून वाजवता येते, किंवा स्पीकर मिक्सरच्या फक्त उजव्या आउटपुटला जोडता येतो. स्टिरिओ परिणामांचा त्याग करावा लागतो, पण सरावासाठी आणि मुद्रणासाठी ही मांडणी पूर्ण समाधानकारक आहे. ट्रॅकचा पॅन बदलण्याची सोय ज्या अ‍ॅपमध्ये नाही तिथे ही युक्ती चालत नाही, म्हणून असे अ‍ॅप गॅरेजबँडसारख्या ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपच्या आत चालवावे.

दबका, निर्जीव स्वर

वाटा सरळ झाल्या तरी अनेकांना वाटते की गिटारचा झळझळीतपणा कुठेतरी हरवला आहे. हा भास नाही. त्यामागे स्पष्ट विद्युतशास्त्रीय कारण आहे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली बारीक तार. तिचा साधा रोध काही हजार ओहम असतो, पण वेढ्यांमुळे तिच्यात मोठे इंडक्टन्सही असते, आणि त्यामुळे कंपनसंख्या जशी वाढते तसा पिकअपचा अडथळा वाढत जातो. चार हेन्री इंडक्टन्सचा पिकअप घेतला तर ३,००० हर्ट्झवर हा अडथळा सुमारे ७५ हजार ओहम होतो. गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर हे लक्षात घेऊनच बनवलेले असतात. त्यांच्या इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे येणाऱ्या विद्युत संकेताला तिथे होणारा अडथळा, साधारण १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम असतो. मिक्सरचे लाइन इनपुट मात्र कीबोर्ड किंवा सीडी प्लेअरसारख्या उपकरणांसाठी असते आणि त्याचा इम्पिडन्स अनेकदा १० ते २० हजार ओहमच असतो.

या दोन आकड्यांचा परिणाम गणिताने पाहता येतो. पिकअपचा रोध ७ हजार ओहम आणि मिक्सरचा इनपुट १० हजार ओहम धरला, तर १०० हर्ट्झला सुमारे ५ डेसिबलची घट होते, पण ३,००० हर्ट्झला जवळजवळ १८ डेसिबलची. म्हणजे खर्जाच्या तुलनेत वरचा, तारेला धार देणारा भाग १३ डेसिबलने मागे पडतो. मिक्सरचा ट्रेबल पूर्ण चढवून हे काही अंशी झाकता येते, पण त्याबरोबर खरखरही वर येते. शिवाय पिकअप आणि केबल यांच्यात जो नैसर्गिक अनुनाद असतो, ज्यावर गिटारची ओळख अवलंबून असते, तो परत येत नाही.

म्हणून मिक्सरवर ‘हाय-झेड’ असे लिहिलेले बटण किंवा गिटारचे चित्र काढलेले इनपुट आहे का ते प्रथम पाहावे. असल्यास गिटार फक्त तिथेच जोडावी आणि बटण दाबलेले असल्याची खात्री करावी. नसल्यास मध्ये बफर हवा, म्हणजे पिकअपवर मिक्सरच्या इनपुटचा भार न पडू देणारे सर्किट. अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा आवाज माइक इनपुटला साजेसा करणारी, विजेवर चालणारी डबी) हा शास्त्रशुद्ध उपाय आहे, आणि तो मिक्सरच्या माइक इनपुटला कॅनन, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या, केबलने जोडायचा. पण बहुतेक गिटारवादकांकडे आधीच असलेली एक वस्तू तेच काम करते: बॉसच्या नेहमीच्या पेडलांचे इनपुट १ मेगाओहमचे असते आणि पेडल बंद असतानाही त्यातला बफर चालू राहतो. ट्यूनरचे पेडल गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये ठेवले आणि त्याला वीज दिलेली असली की स्वर मोकळा होतो. ज्या पेडलांवर ‘ट्रू बायपास’ लिहिलेले असते ती बंद स्थितीत बफरचे काम करत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ज्या गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आणि अ‍ॅक्टिव्ह पिकअप आहेत तिला यातले काहीच लागत नाही. ती सरळ लाइन इनपुटला जोडावी, आणि तरीही आवाज फाटका येत असेल तर बॅटरी बदलावी.

गिटारची केबल मोनो हवी. दुकानात जाड पिनेला पी-३८ म्हणतात आणि ती मोनो व स्टिरिओ अशी दोन्ही मिळते. गिटारसाठी पिनेवर एकच काळे कडे असलेली मोनो घ्यावी. एका टोकाला पी-३८ आणि दुसऱ्याला कॅनन पिन असलेली तयार केबल वापरून गिटार माइक इनपुटला लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. माइक इनपुटचा इम्पिडन्स लाइन इनपुटपेक्षाही बराच कमी असतो, आणि मिक्सरची ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच पुरवली जाणारी वीज) चालू असेल तर ती गिटारच्या दिशेने जाण्याचा धोका वेगळाच.

पातळी ठरवताना गिटारचा आवाज पूर्ण ठेवून, सर्वांत जोरात वाजवून, टॅबलेटच्या अ‍ॅपमधला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतकाच गेन (इनपुटवरची आवाजाची वाढ) द्यावा. मिक्सरवरचा लाल दिवा लागला नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजू नये. यूएसबीच्या टप्प्यावर आवाज त्याआधीच फाटू शकतो. मिक्सरचे इक्वलायझर सपाट आणि रिव्हर्ब बंद असावा, कारण अ‍ॅम्पच्या अ‍ॅपला कोरी गिटार हवी असते आणि आधीच रिव्हर्ब मिसळलेल्या आवाजावर चढवलेले डिस्टॉर्शन चिखल करते.

आवाज उशिरा येणे

ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर हा दोष शोधूच नये. ब्लूटूथचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात सहज जातो आणि त्यावर वाजवता येत नाही. तारेचा हेडफोन, तोही मिक्सरच्या हेडफोन जॅकमध्ये, हीच एकमेव योग्य जागा. त्यानंतर अ‍ॅपमधला बफर पाहावा. हा वरच्या पेडलातला बफर नव्हे, तर अ‍ॅप एका वेळी आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) साठवून घेते त्याचे माप. ४८ हजार हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला तितके नमुने घेतले जात असताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३ आणि ५१२ म्हणजे १०.७, जाताना आणि येताना असा तो दोनदा मोजावा, आणि त्यात रूपांतराचा थोडा वेळ वेगळा मिळवावा. बफर कमी केल्यावर चटचट आवाज येऊ लागला तर एक पायरी वर जावे. चटचट बफर वाढवूनही जात नसेल, किंवा मुद्रण किंचित वरच्या वा खालच्या सुरात वाजत असेल, तर अ‍ॅपचा सॅम्पल रेट आणि मिक्सरचा सॅम्पल रेट वेगळे आहेत का ते तपासावे. एक ४४,१०० आणि दुसरा ४८,००० असेल तर दोन्ही सारखे करावेत. आयपॅडवर उशीर सहसा त्रासदायक नसतो. अँड्रॉइडवर तो टॅबलेटनुसार फार बदलतो, आणि तिथे ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइलसारखे स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर घेऊन येणारे अ‍ॅप वापरून पाहावे.

गुणगुण, किणकिण आणि झिणझिण्या

शेवटी उरतो तो न वाजवताही येणारा आवाज. तो ऐकूनच त्याचे मूळ बऱ्याच अंशी ओळखता येते. खोल, स्थिर गुणगुण आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची असते, आणि तिच्यापेक्षा करकरीत आवाज बहुधा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर किंवा जुन्या ट्यूबलाइटचा चोक यांच्यातून सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपमध्ये शिरलेला असतो. गिटार हातात घेऊन जागेवरच फिरून पाहावे. दिशा बदलताच आवाज कमी-जास्त होत असेल तर तो हवेतून पिकअपमध्ये येत आहे आणि केबली बदलून तो जाणार नाही. बारीक, १,००० हर्ट्झच्या आसपासची सततची किणकिण मात्र यूएसबीतून येते, कारण यूएसबी साध्या वेगावर दर मिलिसेकंदाला माहितीची एक खेप पाठवते.

टॅबलेटचा चार्जर काढावा. आवाज गेला तर चार्जर दोषी आहे, आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टॅबलेट आधी पूर्ण चार्ज करून बॅटरीवर वाजवणे. जे दीर्घ वेळ वाजवतात त्यांनी मिक्सर, टॅबलेट आणि स्पीकर हे सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावेत, कारण दोन वेगळ्या प्लगांच्या अर्थिंगमधला फरक हेच गुणगुणीचे नेहमीचे कारण असते.

तारांना हात लावताच गुणगुण कमी होते आणि हात काढताच वाढते, ही खूण नीट समजून घ्यावी. लहान मिक्सरचा अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचा, टॅबलेटचा चार्जरही दोन पिनांचा, म्हणजे या साखळीत कुठेच अर्थिंग नाही, आणि वादकाचे शरीरच ते काम थोडेफार करत आहे. थ्री-पिन प्लग असलेला आणि अर्थिंग चालू असलेला स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर मिक्सरला जोडला की ही गुणगुण बरीच बसते. याउलट, गुणगुण घालवण्यासाठी थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कोणत्याही परिस्थितीत पाळू नये. ती पिन आवाजासाठी नव्हे, जिवासाठी आहे.

तारांवर बोटे असताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या, तर वादन तिथेच थांबवावे. चार्जरमधून झिरपणारी वीज सहसा अगदी अल्प असते, पण माइक आणि गिटार वेगवेगळ्या साखळ्यांत जोडलेले असतील आणि त्यांतल्या एकीत खरोखरच फेज उतरला असेल, तर जाणीव तशीच होते आणि धोका मात्र प्राणांतिक असतो. सगळे प्लग काढून इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग आणि प्रत्येक अ‍ॅडॉप्टर तपासून घेतल्यावरच गिटार पुन्हा जोडावी.